उजव्या हाताची दोन बोटं

पहिल्या दिवशी सिस्टर ज्योकिनाने नखं बघितली,
शाळेत बघायचे तशी.
मग म्हणाली, बांगड्या.
साबण लावून काढल्या एकेक,
एक हट्टी होती, ती वाढवली.
घरी सासूने माझं मनगट बघितलं
आणि त्या रात्री पेजेत मीठच नव्हतं.

साखळीत, बाजाराच्या वरच्या खोलीत
आम्ही सातजणी,
आणि टेबलावर एक रबरी बाळ,
ज्याला कुणीच नाही,
ताप नाही, आई नाही.
चुकायचं ते याच्यावर चुका, सिस्टर म्हणते,
म्हणजे खऱ्याच्या वेळी…
ती वाक्य पुरं करत नाही.
पंखा तेवढा पुढे बोलत राहतो.

माझी अडचण वेगळी.
अकरा वर्षं काजूच्या कारखान्यात बसले,
टरफलातल्या तेलाने बोटांची टोकं खाल्ली.
रेशनच्या मशीनला मी पटत नाही.
आणि इथे नाडी शोधायची
दंडाच्या आतल्या बाजूला, दोन बोटांनी,
तो दंडही माझ्या अंगठ्याएवढा.

बाकी सगळं येतं आता.
नळीवरची काळी खूण नाकपुडीशी आहे ना, ते आधी.
मग कागदाची पट्टी, तिचा रंग.
मग दूध. ढकलायचं नाही,
सिरिंज धरून उभं राहायचं,
दूध आपल्या वजनाने उतरतं.
श्वास मोजायचे ते पुरतं मिनिटभर;
अर्धं मोजून दुप्पट करणं
हा मासळीबाजारातला हिशेब.
झटका आला तर कुशीवर.
तोंडात काही नाही, नाकाला कांदा नाही, चप्पल तर नाहीच,
घड्याळ बघ.
ऑक्सिजन चालू असेल त्या खोलीत समई नाही.
'मग देवाला?' शेवंतीने विचारलं.
'देवाला काळोखात दिसतं,'
सिस्टर म्हणाली, गळ्यातला क्रूस चाचपत.

रात्री नवऱ्याच्या दंडावर सराव.
सापडते, हरवते, की ती माझीच?
'जिवंत आहे गं मी,' तो कूस वळवून म्हणाला,
'झोप.'
पोदेराचा भोंगा वाजेपर्यंत मी जागी.

शेवटी सांगून टाकलं सिस्टरला.
वाटलं, घरी पाठवेल.
तिने माझी बोटं उजेडात धरली,
तांदळात खडे बघावे तशी.
म्हणाली, दहा सेकंद. त्यात नाही सापडली
तर शोधत बसायचं नाही,
मोठ्याने सांगायचं, सापडत नाही.
आणि छाती दाबायला लागायचं.
लाज वाटून गप्प राहिलेल्या मुली
मी बघितल्यात, ती म्हणाली.
मग मला खोलीच्या मधोमध उभं करून
वीस वेळा म्हणायला लावलं,
सापडत नाही! सापडत नाही!
खालचा भाजीवाला जिन्याशी येऊन विचारून गेला,
काय हरवलं?

सोमवारी पहिलं घर.
कागदावर तिचं नाव 'बेबी ऑफ सुलक्षा'.
हृदयाला भोक, नाकात नळी,
बारसं पुढे ढकललेलं.
सटीच्या रात्री ती काचेच्या पेटीत होती,
सुलक्षा म्हणते, तिथे सटी आली की नाही कोण जाणे.
मी वही दाखवली, दर तीन तासांच्या ओळी.
कुणीतरी लिहीत होतं, बाय,
सगळी रात्र लिहीत होतं.

तिने माझ्या हातांकडे बघितलं.
'भाजलं?'
'काजू.'
'दुखतं?'
'टोकांना काहीच कळत नाही,' मी म्हटलं,
आधीच सांगितलेलं बरं.
दुधाचा थेंब मनगटावर घेतला,
बांगड्या होत्या तिथे,
जिथली कातडी वर्षानुवर्षं कशालाच लागली नव्हती.

गरम आहे.
अजून जरा थांबू.